शाळा पूर्ण करणाऱ्या मुलांचे कौतुक कसे करावे आणि त्यात पालकांचा वाटा कसा मांडावा

शाळेचे शेवटचे वर्ष संपवून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मी पहिल्यांदा कार्यक्रम आखला, तेव्हा तो गुणगौरव समारंभाच्या नेहमीच्या साच्यातूनच काढला होता. पहिल्या दहा क्रमांकांचे सत्कार झाले, पाहुण्यांचे भाषण झाले, माझे प्रास्ताविक गरजेपेक्षा लांबले आणि उरलेल्या शंभरएक मुलांना आपापली प्रमाणपत्रे दाराजवळच्या टेबलावरून घेऊन जाण्यास सांगण्यात आले. आवराआवर करताना मी एका मुलाला ते प्रमाणपत्र चार घड्या घालून मागच्या खिशात कोंबताना पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बसचे तिकीट खिशात टाकावे इतक्या सहजपणे त्याने ते केले. दोन तास टाळ्या वाजवण्याचे काम आम्ही त्याच्याकडून करून घेतले होते आणि त्या दोन तासांत त्याचे नाव एकदाही उच्चारले नव्हते.

तेव्हापासून मी एक कसोटी पाळत आले आहे. कौतुकाचे वाक्य त्या एकाच मुलाला लागू पडत असेल आणि त्याने प्रत्यक्ष केलेल्या गोष्टीबद्दल असेल, तरच ते बोलायचे. पालकांबद्दल बोलतानाही हीच कसोटी लावायची, कारण ‘मुलांच्या यशात पालकांचा मोलाचा वाटा असतो’ हे वाक्य ऐकताना सभागृहातील एकाही पालकाला आपल्याबद्दल काही बोलले जात आहे असे वाटत नाही. पुढे जे लिहिले आहे ते या कसोटीच्या आधाराने वर्षानुवर्षे बसत गेलेले काम आहे, आणि ते शिक्षकांना व पालकांना दोघांनाही वापरता येण्यासारखे आहे.

आधी वेळेचे गणित

‘सगळ्यांना मंचावर बोलावणे शक्य नाही, वेळ पुरणार नाही,’ हा पहिला आक्षेप असतो, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करावा. एका विद्यार्थ्याचे नाव पुकारणे, त्याच्याबद्दल एक वाक्य बोलणे आणि त्याने मंचावरून जाणे याला ३० सेकंद लागतात. १२० विद्यार्थी असतील तर हे काम ६० मिनिटांत संपते. भाषणांना मिळून २० मिनिटे आणि इतर कार्यक्रमाला २० मिनिटे दिली, तरी सारे १०० मिनिटांत आटोपते. वेळ मुलांमुळे कधीच वाया जात नाही. तो भाषणांमुळे जातो. वक्त्याला ‘थोडक्यात बोला’ असे सांगून उपयोग होत नाही. ‘आपल्याला सात मिनिटे आहेत आणि सहाव्या मिनिटाला समोरच्या रांगेतून खूण केली जाईल,’ असे आठवडाभर आधी लेखी कळवले तर कोणी रागावत नाही, हा माझा अनुभव आहे.

विद्यार्थ्यांना गुणानुक्रमे बोलावू नये. वर्णानुक्रमाने किंवा बसलेल्या रांगेनुसार बोलवावे, आणि ज्यांना विशेष यश मिळाले आहे त्यांच्या यशाचा उल्लेख त्यांच्या वाक्यातच यावा. असे केल्याने पहिल्या आलेल्या मुलीचे काहीही कमी होत नाही. उलट तिच्या वाक्यात गुणांपलीकडचे काही सांगण्याची सोय होते, आणि ते तिलाही हवे असते. ज्यांचा एखादा विषय राहिला आहे, अशांनाही त्याच क्रमात बोलवावे. त्यांनी शाळेत इतरांइतकीच वर्षे काढलेली असतात. मात्र त्यांना आधी एकटे गाठून विचारावे, कारण काहींना त्या दिवशी मंचावर येणे नको असते आणि तो त्यांचा अधिकार आहे.

कार्यक्रमाचा शेवट हा मी फार मनावर घेतलेला भाग आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात माणसांना एकदा ६० सेकंद थंडगार पाण्यात हात ठेवायला सांगितले आणि दुसऱ्यांदा तितकेच सेकंद ठेवून पुढे आणखी ३० सेकंद, पण त्या वाढीव वेळात पाण्याचा थंडपणा किंचित कमी होत गेला. यांपैकी कोणता अनुभव पुन्हा घ्याल असे विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला, म्हणजे एकूण अधिक त्रासाचा अनुभव निवडला, कारण त्याचा शेवट थोडा सुसह्य होता. आठवणीत एकूण काळ राहत नाही, टोकाचा क्षण आणि शेवट राहतो. आपल्याकडे मात्र शेवटची दहा मिनिटे आभारप्रदर्शनाला, खुर्च्या उचलण्याच्या सूचनांना आणि हरवलेल्या पाण्याच्या बाटल्यांच्या घोषणांना दिली जातात. आभार मध्यावर मानून घ्यावेत आणि शेवटची जागा मुलांना द्यावी. त्यांनी एकत्र म्हटलेले गाणे असेल किंवा वर्गातल्या जुन्या छायाचित्रांची पाच मिनिटांची मालिका असेल. काय ठेवायचे ते त्यांनी ठरवावे.

एका मुलासाठी एक वाक्य

हे सर्वांत कष्टाचे काम आहे, म्हणून ते कार्यक्रमाच्या दोन महिने आधी सुरू करावे. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक कोरी चिठ्ठी करावी आणि ती तीन हातांतून फिरवावी: एक विषयशिक्षक, एक वर्गमित्र किंवा मैत्रीण, आणि स्वतः तो विद्यार्थी. विद्यार्थ्याला प्रश्न विचारताना ‘तुझे यश काय’ असे विचारू नये, कारण त्यावर बहुतेक मुले ‘काही नाही’ असे लिहून चिठ्ठी परत करतात. ‘गेल्या वर्षी तुला जमत नव्हते आणि आता जमते असे काय आहे?’ असे विचारले की उत्तरे येतात. एका मुलाने लिहिले होते, ‘वर्गात उभे राहून शंका विचारणे.’ तो चार वर्षे माझ्यासमोर बसत होता आणि हे त्याला कठीण जात होते हे मला त्या चिठ्ठीवरून कळले.

तिन्ही हातांतून आलेल्या मजकुरातून बारा-पंधरा शब्दांचे एक वाक्य तयार करावे. ‘अत्यंत हुशार, मनमिळाऊ आणि गुणी विद्यार्थिनी’ हे वाक्य टाकून द्यावे, कारण ते वर्गातल्या कोणाच्याही नावापुढे चिकटते. ‘प्रयोगशाळेतली तुटलेली तराजू तिने दोन आठवडे खपून दुरुस्त केली आणि आजही ती वापरात आहे,’ हे वाक्य एकाच मुलीचे आहे. सगळी वाक्ये झाल्यावर नावे झाकून ती एका सहकाऱ्याला वाचायला द्यावीत. कोणते वाक्य कोणाचे आहे हे त्याला ओळखता आले नाही, तर ते पुन्हा लिहावे. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा माझी निम्मी वाक्ये परत आली होती.

काही वाक्यांमध्ये घरातील आजारपण, मृत्यू, आर्थिक अडचण किंवा मुलाचे स्वतःचे अपंगत्व येते. असे वाक्य कितीही उत्तम साधले असले, तरी त्या मुलाला दाखवून त्याची परवानगी घेतल्याशिवाय ते बोलू नये. सभागृहाचे डोळे पाणावण्यासाठी एखाद्याचे दुःख वापरणे हा कौतुकाच्या नावाखाली केलेला अन्याय आहे, आणि तो होताना मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिला आहे.

नावांच्या उच्चाराकडे दुर्लक्ष होऊ देऊ नये. सूत्रसंचालन करणाऱ्याने प्रत्येक मुलाकडून त्याचे नाव एकदा त्याच्याच तोंडून ऐकावे आणि यादीत खूण करून ठेवावी. मंचावर चुकलेले नाव त्या कुटुंबाला वर्षानुवर्षे आठवते.

कौतुक कशाचे करायचे

कोलंबिया विद्यापीठातील क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात पाचव्या इयत्तेतील मुलांना काही कोडी सोडवायला दिली होती. पहिली फेरी सर्वांनाच जमेल अशी होती. ती झाल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ असे सांगितले गेले आणि काहींना ‘तू चांगली मेहनत घेतलीस’ असे सांगितले गेले. फरक एका वाक्याचा होता. त्यानंतर पुढची कोडी निवडण्याची संधी मिळाल्यावर हुशार म्हटली गेलेली मुले सोप्या कोड्यांकडे वळली, तर मेहनतीचे कौतुक झालेल्यांपैकी बहुसंख्य मुलांनी काही शिकायला मिळेल अशी कठीण कोडी निवडली. मधल्या अवघड फेरीत सर्वांनाच अपयश आले, आणि त्यानंतर पुन्हा सोपी फेरी दिल्यावर पहिल्या गटाची कामगिरी आधीपेक्षा घसरली, दुसऱ्या गटाची सुधारली. गुण कितपत पडले हे इतरांना लिहून कळवायला सांगितले असता, हुशार म्हटलेल्या गटात खोटे गुण लिहिणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय होते.

यातून ‘नेहमी मेहनतीचेच कौतुक करा’ असा सोपा नियम काढला जातो, आणि तो अर्धाच बरोबर आहे. ज्या विषयात मुलाने फारशी मेहनत केलीच नव्हती, तिथे मेहनतीचे कौतुक केले तर त्याला ते लगेच खोटे वाटते, आणि ज्याने खूप मेहनत करूनही गुण कमी मिळवले त्याला ‘मेहनत चांगली होती’ हे सांत्वन म्हणून ऐकू येते. म्हणून मेहनतीचे मोजमाप सांगण्यापेक्षा मुलाने काय बदलले, कोणता निर्णय घेतला, कोणाकडे मदत मागितली, कोणती पद्धत सोडून दिली, हे सांगावे. ‘तू खूप अभ्यास केलास’ यापेक्षा ‘सहामाहीनंतर तू उत्तरे पाठ करणे सोडून जुने पेपर वेळ लावून सोडवायला लागलास’ हे अधिक खरे असते, आणि पुढच्या परीक्षेत त्याच्या उपयोगी पडते.

पालकांचा वाटा नेमका कोणता

पालकांचे कौतुक करायचे असेल तर आधी त्यांचा वाटा काय असतो हे नीट माहीत असले पाहिजे, कारण सामान्यतः ज्याचे कौतुक होते तो वाटा वेगळाच असतो. ‘रात्ररात्र जागून अभ्यास घेतला’ हे भाषणातले आवडते वाक्य आहे. संशोधन काय सांगते ते पाहू. शितावो फान आणि मायकेल चेन यांनी २००१ मध्ये आधीच्या २५ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा मुलांच्या शैक्षणिक यशाशी सर्वांत घट्ट संबंध आढळला तो पालकांच्या मुलाबद्दलच्या अपेक्षांचा, आणि सर्वांत दुबळा संबंध आढळला तो घरातील देखरेखीचा. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ मध्ये ५० अभ्यासांचा असाच आढावा घेतला. माध्यमिक वयातील मुलांच्या बाबतीत त्यांना दिसले ते असे, की शिक्षण कशासाठी आहे याबद्दल मुलाशी बोलणे, त्याच्या आजच्या अभ्यासाचा उद्याच्या इच्छांशी धागा जोडून देणे आणि पुढच्या वाटेची आखणी त्याच्यासोबत करणे यांचा यशाशी सर्वाधिक संबंध होता. शाळेत येण्याजाण्याचा संबंध मध्यम होता, आणि गृहपाठात मदत करण्याचा संबंध सरासरीने उलट दिशेचा होता. अर्थात, जी मुले आधीच मागे पडत असतात त्यांनाच अधिक मदत केली जाते, हेही त्या आकड्यांमागे असू शकते, म्हणून घाईने निष्कर्ष काढू नये.

गृहपाठाच्या बाबतीत एरिन मॅलोनी, सिआन बाइलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये आणखी खोलात जाऊन पाहिले. ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती होती, त्यांची पहिली-दुसरीतील मुले वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांच्यातही ती धास्ती वाढली. पण हे फक्त तिथेच घडले, जिथे असे पालक गृहपाठात वारंवार मदत करत होते. मदत कमी करणाऱ्या, पण तितक्याच धास्तावलेल्या पालकांच्या मुलांवर हा परिणाम दिसला नाही. म्हणजे आपल्याला न जमणारा विषय दात-ओठ खाऊन शिकवण्यापेक्षा ‘हे मला येत नाही, उद्या कोणाला विचारता येईल ते आपण ठरवू’ असे म्हणणारा पालक अधिक उपयोगी ठरतो.

अपेक्षांबद्दलही एक सावधगिरी आहे. कोउ मुरायामा आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतील बव्हेरिया राज्यात २००२ ते २००७ या काळात मुलांच्या व पालकांच्या गटाचा सलग अभ्यास करून २०१६ मध्ये असे दाखवले, की पालकांची आकांक्षा मुलाचे गणितातील यश वाढवते खरी, पण मुलाला खरोखर जमेल असे पालकांनाच वाटते त्यापेक्षा ती आकांक्षा पुष्कळ मोठी असेल, तर ती उलट घातक ठरते. ‘तुला इतके गुण मिळायलाच हवेत’ आणि ‘तुला इतके मिळतील असे मला वाटते’ या दोन वाक्यांमधली फट मुलाला ऐकू येते.

मग कार्यक्रमात काय करावे? मुलांना मंचावर उभे करून आई-वडिलांच्या उपकारांबद्दल बोलायला लावू नये. अशा वेळी मुले ऐकलेलीच वाक्ये म्हणतात, पालक अवघडतात, आणि ज्याचे घर तसे नसते ते मूल खाली मान घालून बसते. त्याऐवजी शेवटच्या महिन्यात वर्गात एक तास राखून प्रत्येकाला एक पत्र लिहायला द्यावे. पत्र कोणाला लिहायचे हे विद्यार्थ्याने ठरवावे: आई, वडील, आजी, मोठी बहीण, वसतिगृहाचे अधीक्षक, शेजारी, कोणीही. अट एवढीच, की पत्रात त्या व्यक्तीने केलेली एकच गोष्ट यावी आणि ती कोठे, कधी, कशी घडली हे यावे. ‘तुम्ही माझ्यासाठी खूप केलेत’ अशी सुरुवात फळ्यावर लिहून त्यावर काट मारावी.

एका मुलीने आपले पत्र मला दाखवले होते. तिचे वडील रात्रपाळी करून सकाळी घरी येत, आणि ती अभ्यासाला बसली असेल तर त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला वर्तमानपत्र उघडून बसत. दहा मिनिटांत वर्तमानपत्र खाली येई आणि ते खुर्चीतच झोपत, पण आत जाऊन आडवे होत नसत. तिने लिहिले होते की ते घोरायला लागले की तिला हसू येई आणि मग पुढचा धडा सोपा वाटे. त्या माणसाने तिचा एकही धडा घेतला नव्हता. पालकसभेत विचारले असते तर ‘मी काही विशेष केले नाही’ असेच त्यांनी सांगितले असते, आणि ते पत्र मिळेपर्यंत त्यांचा तसा समजही होता.

ही पत्रे मंचावर वाचू नयेत. कार्यक्रमाला आलेल्या व्यक्तीच्या खुर्चीवर बंद पाकीट ठेवावे आणि ते घरी जाऊन उघडण्याची विनंती करावी. काहीजण तिथेच उघडतात, त्यांना अडवू नये. निमंत्रण पाठवताना अर्जात ‘आईचे नाव, वडिलांचे नाव’ असे रकाने न ठेवता ‘तुझ्यासोबत कोण येणार’ असा एकच प्रश्न ठेवावा आणि उत्तरासाठी तीन ओळी सोडाव्यात. ज्याच्यासोबत कोणी येणार नाही, त्याच्या शेजारी एखाद्या शिक्षकाने बसावे. ही व्यवस्था आदल्या दिवशीच करावी, म्हणजे ती कोणाच्या लक्षात येत नाही.

पालकांनी मुलाला लिहायचे पत्र

उलट दिशेचे पत्रही मागवता येते, पण त्याला मार्गदर्शन लागते, नाहीतर चारपैकी तीन पत्रे उपदेशाची येतात. मी पालकांना एका पानाची मर्यादा आणि चार सूचना देते. गुणांचा उल्लेख नको. भावंडाशी किंवा शेजारच्या मुलाशी तुलना नको. मुलाने केलेली आणि तुम्ही लांबून पाहिलेली एक गोष्ट लिहा. या वर्षांत तुमच्याकडून काय चुकले, ते एका वाक्यात लिहा. चौथी सूचना वाचून अनेक पालक पेन खाली ठेवतात; लिहिण्याची सक्ती मी करत नाही. पण ज्यांनी लिहिले, त्यांच्या मुलांनी ते पत्र जपून ठेवल्याचे मला पुढे कळत राहिले आहे. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी शिक्षकाने किंवा मोठ्या विद्यार्थ्याने सांगतील तसे लिहून घ्यावे, भाषा सुधारण्याच्या फंदात पडू नये.

घरी निकालाच्या दिवशी

निकालानंतरची पहिली दहा मिनिटे पालकांच्या हातात असतात. शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जोडीदारांमधील संभाषणाचा अभ्यास करून दाखवले की आनंदाची बातमी ऐकणाऱ्याचे प्रतिसाद चार प्रकारचे असतात: उत्साहाने विचारपूस करणारा, ‘छान’ म्हणून थांबणारा, त्यातली खोट काढणारा आणि विषयच बदलणारा. नात्याला पहिला प्रतिसाद पोषक ठरतो. तो अभ्यास मोठ्या माणसांचा असला, तरी घरात हे चारही प्रतिसाद आपण ओळखतो. ‘गणितात तीन गुण कुठे गेले’ हा तिसरा प्रकार आहे आणि तो प्रेमापोटीच येतो, पण मुलाच्या लक्षात तीन गुणच राहतात. त्याऐवजी ‘कोणत्या विषयाचे गुण पाहून तुला सर्वांत बरे वाटले?’ असे विचारावे आणि उत्तर संपेपर्यंत ऐकावे.

नातेवाईकांना गुण कोण सांगणार हे आधीच ठरवावे, आणि तो निर्णय मुलाचा असावा. गुणपत्रिकेचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकणे टाळावे. त्यावर बैठक क्रमांक, पूर्ण नाव, कधी जन्मतारीखही असते आणि एकदा बाहेर गेलेली माहिती परत घेता येत नाही.

बक्षिसाबद्दल पालक नेहमी विचारतात. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांच्या १९७३ मधील प्रयोगात चित्रे काढायला आवडणाऱ्या लहान मुलांचे तीन गट केले होते. एका गटाला चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले, दुसऱ्याला ते न सांगता नंतर दिले, तिसऱ्याला काहीच दिले नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात पाहिले असता पहिल्या गटातील मुले इतर दोन गटांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रे काढताना दिसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र तशीच होती. तेव्हा ‘अमुक टक्के मिळवलेस तर तमुक देईन’ असा सौदा वर्षाच्या सुरुवातीला करू नये. शाळा संपल्यावर, निकाल काहीही लागला असला तरी, मुलाच्या आवडीची वस्तू आनंदाने द्यावी. ज्याचा निकाल मनासारखा लागलेला नाही, त्याच्यासाठीही हा दिवस साजरा करावा, फक्त पाहुण्यांची संख्या त्याला विचारून ठरवावी.

कार्यक्रमानंतरचे महिने

समारंभ संपला की शाळेचे लक्ष सुटते आणि पुढच्या संस्थेचे लक्ष अजून लागलेले नसते. अमेरिकेत बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसी पेज यांनी नेमक्या याच काळाचा अभ्यास केला, तेव्हा प्रवेश निश्चित झालेली आणि जाण्याची इच्छा असलेली कितीतरी मुले, विशेषतः कमी उत्पन्नाच्या घरांतील, सुट्टीनंतर महाविद्यालयात हजरच होत नाहीत असे दिसले. कारणे मोठी नव्हती: एखादा अर्ज भरायचा राहिला, शुल्काच्या पत्राचा अर्थ कळला नाही, कोणाला विचारावे ते माहीत नव्हते. वेळोवेळी मोबाइलवर पाठवलेल्या साध्या आठवणींनी काही ठिकाणी हजेरी वाढली.

यावर घरी करता येण्याजोगा उपाय साधा आहे. एक फाईल घ्यावी, तीत मूळ कागदपत्रे वेगळ्या कप्प्यात आणि प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स प्रती दुसऱ्या कप्प्यात ठेवाव्यात, आतल्या बाजूला तारखांची यादी चिकटवावी, आणि ती फाईल मुलाच्या हाती द्यावी. अर्ज त्याने भरावा, फोन त्याने करावा, रांगेत त्याने उभे राहावे. पालकांनी आठवड्यातून एक ठरलेला दिवस धरून ‘या यादीतले पुढचे काय आहे आणि त्यात माझी कुठे गरज आहे?’ एवढे विचारावे. पहिल्या अर्जात चूक होते, ती होऊ द्यावी. अंतिम तारखेच्या आठ दिवस आधी एकदा शेजारी बसून तपासावे. ज्या पालकांनी आजवर प्रत्येक अर्ज स्वतः भरला आहे, त्यांना हे सर्वांत जड जाते, आणि अशा पालकांना मी कार्यक्रमाच्या दिवशीच बाजूला घेऊन सांगते.

शाळेकडे एक काम उरते. जे विद्यार्थी कार्यक्रमाला येऊ शकले नाहीत, त्यांची वाक्ये सुवाच्य अक्षरात लिहून, त्यांनी लिहिलेली पत्रे सोबत घालून, आठ दिवसांच्या आत घरपोच करावीत. शक्य असेल तर ती टपालाने न पाठवता वर्गशिक्षकाने स्वतः नेऊन द्यावीत, आणि दारात उभे राहून ते वाक्य एकदा मोठ्याने वाचावे, घरातले जे कोणी असतील त्यांच्यासमोर.